समोरच्यापेक्षा शंभरानं कमी

"आबा, समोर जाऊन विचारून या. तो चोर जो भाव सांगेल त्याच्याहून शंभरानं कमी लावतो. नाही लावला तर नावाचा जीवराम नाही!"

दुकानाच्या पायरीवर उभा राहून जीवराम ओरडला, तो रस्त्यापलीकडं ऐकू जावं म्हणूनच. पलीकडचा चोर म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, भिकन. थोरल्याकडं पिवळ्या पाटीच्या कंपनीची एजन्सी, धाकट्याकडं हिरव्या पाटीच्या कंपनीची. दोन्हीकडं सिमकार्डाबरोबरच मोबाइल मिळायचे.

पितांबर आबा खेड्यावरून नातीच्या कॉलेजसाठी फोन घ्यायला आले होते. ते पलीकडं गेले तसा भिकन तरातरा बाहेर आला.

"शंभराचं काय सांगतो? मी दोनशेनं कमी देतो, वर कव्हर फुकट! वाटणीत भावाला बुडवलं त्यानं. असल्या माणसाकडनं फोन घेता, आबा?"

"जीभ आवर, भिकन्या!"

मग काय, गर्दी जमली. शिंदखेड्यात बाजाराच्या दिवशी याहून चांगली करमणूक नव्हती. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, चार माणसं मधे पडायची, आणि भाव उतरत जायचा. फोन पिशवीत टाकला तेव्हा आबांना वाटलं, आपण आज दरोडाच घातला. एसटीत बसल्यावर त्या दोघांच्या भांडणाला हसत शेजारच्याला म्हणाले, "भाऊ-भाऊ भांडी राहिनात, आपलं काम व्हई गयं."

लोकांचंही काय सांगावं! पार पिंपळनेरची माणसं भाडं खर्चून इथं फोन घ्यायला येऊ लागली. तोच फोन धुळ्यात कितीला मिळतो, हे विचारायची तसदी कोण घेतो? सख्खे भाऊ एकमेकांना बुडवायला बसलेत म्हटल्यावर याहून स्वस्त कुठं मिळणार! मधे एका तिसऱ्यानं दुकान थाटलं होतं. दिवाळीच्या आत त्यानं गाशा गुंडाळला.

या दोघांचं वैर एवढं, की मंगळवारी माल आणायला धुळ्याला जायचं तर एक एसटीनं जाई आणि दुसरा मोटारसायकलवर.

हाल झाले ते त्यांच्या आईचे. ताईबाई थोरल्याकडं राहायच्या. तो दुकानात असला की धाकटा येऊन भेटून जायचा. म्हातारीनं उपास केले, देवाला नवस बोलली. मागणं एकच, आपल्या दोन्ही पोरांनी एकमेकांशी बोलावं. एकदा तर भर भांडणात ती रस्त्यामधे जाऊन उभी राहिली, पदर पसरून. तेव्हा एक गिऱ्हाईक तिला म्हणालं, "आजी, बाजूला व्हा की. अजून भाव उतरू द्या." लोक हसले.  ती पदर आवरून घरी गेली.

थंडीत तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली. जीवरामची बायको, रूपा, तशीच अनवाणी रस्ता ओलांडून भिकनच्या दुकानात गेली. दुकान माणसांनी भरलेलं होतं.

"भाऊ, पाया पडते तुमच्या. माय तुमचं दोघांचं नाव घेतेय. एकदा सोबत उभे राहा."

"तो घरात असेल तर मी ती पायरी चढणार नाही, वहिनी."

"कसली माणसं हो तुम्ही! ती मरतेय तिकडं!"

रूपा तिथंच रडायला लागली. गिऱ्हाइकं चुळबुळली. शेवटी भिकन उठला.

घरात आळी लोटली होती. खाटेच्या एका अंगाला जीवराम, दुसऱ्या अंगाला भिकन. ताईबाईंनी डोळे उघडले. दोघांना एकत्र बघून त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं, की बायकांनी डोळ्याला पदर लावले.

"मन्हा डोया मिटाना पहिले एक डाव बोला रे," त्या म्हणाल्या.

दोघांनी माना खाली घातल्या. मग त्यांनीच दोघांचे हात चाचपून धरले आणि एकमेकांजवळ आणायला लागल्या. जोर कुठला असणार त्या हातात? बोटाला बोट लागलं, न लागलं, तोच जीवरामनं आजूबाजूला बघितलं आणि हात झटक्यानं काढून घेतला. भिकननं भिंतीकडं तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या आत ती गेली.

गावानं दोघांवर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. "आईच्या मरणालाही नाही बोलले, राक्षस आहेत," असं जो तो म्हणत होता. दहाव्याला नदीवर दोघांनी वेगवेगळ्या न्हाव्यांकडून डोकी भादरून घेतली. रूपानं नवऱ्याशी बोलणं सोडलं. पण दुकानं उघडली त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एवढं विष असेल तर यंदा फोन मातीमोल मिळणार, असा लोकांचा हिशोब.

त्या मंगळवारी जीवराम एसटीनं धुळ्याला गेला. स्टँडामागच्या एका खानावळीत शिरला. कोपऱ्यातल्या टेबलाशी भिकन बसलेला होता. जीवराम त्याच्या शेजारी जाऊन बसला. पोऱ्यानं न विचारताच शेवभाजी आणि भाकरी आणून ठेवली.

"दोन्ही भाऊंनी एकदमच टक्कल केलं या खेपेला? कोण गेलं?"

"माय," जीवराम म्हणाला. पोऱ्या गेल्यावर त्यानं भाकरी मोडून अर्धी भिकनच्या ताटात टाकली. "येत्या बाजाराला आधी तू उतर. मग मी शंभरानं खाली येतो."

भिकननं घासाला हात लावला नाही. "भाऊ, तू हात काढलास तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं रे. तिला तरी सांगायला पाहिजे होतं आपण."

"सांगितलं असतं," जीवराम म्हणाला, "तर आनंदानं गावभर पेढे वाटले असते तिनं."