पुढचं उजवं चाक

"परत एकदा दाबा की ब्रेक," हरिबा ओरडला.

रेवणसिद्धने दाबला. फियाट अशी किंचाळली, की समोरच्या ओट्यावरचं मांजर उडी मारून पळालं.

"पुढचं उजवं चाक," हरिबाने निकाल देऊन टाकला. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला हा शेजारी निवृत्त झाला होता, पण येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायची त्याची सवय काही सुटली नव्हती. "लई दिवस ऐकतोय. तुमी अंगणातच काढा चाक, मी सांगतो तसं. गॅरेजात कशाला जाताय?"

"मामा, जरा तुमी चालवा," रेवणसिद्ध म्हणाला. "या आवाजाचा अव्वाला किती त्रास होतो ते आत बसून बघतो."

गाडी सासऱ्यांनी दिलेली. त्यांच्याच चादरींच्या कारखान्यात रेवणसिद्ध मॅनेजर होता आणि राहतं घरही त्यांचंच. तेव्हा गाडीबद्दल कुरकुर करायचा प्रश्न नव्हता. पण वर्षापूर्वी अव्वाचं, म्हणजे त्याच्या आईचं, शरणम्माचं, डावं अंग गेलं आणि जीभ जड झाली. परवा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर अव्वा दिवाळी बघायच्या नाहीत. पोटभर अन्न आणि सलग झोप, दुसरं औषध नाही.

अन्नाचं महादेवी बघत होती. बायको मिळावी तर अशी. रेवणसिद्ध संध्याकाळी घरात शिरला की ती बाजेशी बसलेली असायची, हातात ज्वारीच्या आंबिलीची वाटी. अव्वाची वेणी घातलेली, पातळ नीट सारखं केलेलं. अव्वा भराभर गिळायची, कधी कधी तर चमचा दातांनी धरून ठेवायची.

"दिवसभर तोंड म्हणून उघडत न्हाईत," महादेवी सांगायची. "तुमी दिसला की खात्यात."

खरंच होतं ते. रविवारी तो घरी असला की अव्वा तीनदा जेवायची. गल्लीतल्या सासवा आपापल्या सुनांना महादेवीचं उदाहरण द्यायच्या आणि रेवणसिद्धची छाती फुगायची. झोपेचं तेवढं आपण बघू, असं त्याने ठरवलं होतं.

तो बाजेवर टेकला. शेजारच्या घरातले माग खडखडत होते. त्या आवाजात गाडीचं इंजिन कधीच ऐकू यायचं नाही. अव्वाला मात्र मागांची सवय होती. ती डोळे मिटून पडली होती.

बाहेर ब्रेक किंचाळला. अव्वाचे डोळे खाडकन उघडले. तिने उशीवरून मान उचलली आणि आ वासला. तशीच राहिली, तोंड उघडं ठेवून.

"बघ, बघ कशी दचकते!" रेवणसिद्ध स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला. रोज संध्याकाळी आपणच हिला असं घाबरवतो, याची त्याला लाज वाटली.

महादेवी स्वयंपाकघराच्या दारात आली. "असू द्या की. गाडी म्हटल्यावर वाजायचीच. सुट्टीच्या दिवशी कशाला हात काळे करताय?"

अव्वाने उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. "वा... वाजू दे," ती कशीबशी म्हणाली.

रेवणसिद्धला भरून आलं. लेक आल्याची तेवढीच खूण! "अव्वा, न वाजता पण येतोच की मी," तो म्हणाला आणि बोटं सोडवून उठला.

मागच्या चाकांना दगड लावले, जॅकवर गाडी उचलली, चाक काढलं. लाकडी हातोडीने ठोकून ठोकून ड्रम सैल केला. आत काळी भुकटी साचलेली होती.

"फुकू नका, छातीत जाईल. ओल्या फडक्यानं पुसा," हरिबाने दटावलं. मग वाकून बघितलं. "ब्रेकचं लायनिंग जाड हाय अजून. रिबिटाचे खिळे बी वर आले न्हाईत. नुसतं गुळगुळीत झालंय, म्हणून वरडतंय."

रेवणसिद्धने पॉलिश पेपर घेऊन दोन्ही लायनिंगची चकाकी घालवली. ड्रम पेट्रोलने पुसला. जिथे लोखंडाला लोखंड घासतं तिथे बोटाच्या टोकाने ग्रीस लावलं. लायनिंगला ग्रीसचं बोट लागलं तर ब्रेक गेलाच समजा, असं हरिबाने तीनदा बजावलं. मग चाक चढवून दोघांनी गल्लीला दोन चकरा मारल्या. गाडी लोण्यावर थांबावी तशी थांबली.

"झालं तुमचं काम," हरिबा म्हणाला. "आता म्हातारीला सुखानं झोप लागंल."

महादेवीने चहाचे कप दोघांपुढे आदळले. सुट्टी वाया गेल्याचा राग असेल, असं रेवणसिद्धला वाटलं.

सोमवारी त्याचं कारखान्यात लक्ष लागेना. रोजच्यापेक्षा तासभर आधीच, साडेसहाला गाडी दारात येऊन उभी राहिली, चूं नाही की चां नाही. तो लहान मुलासारखा खूश झाला. अव्वा झोपली असेल म्हणून चपला बाहेर काढून पाय न वाजवता आत शिरला.

अव्वा झोपलेली नव्हती. तिचा उजवा हात पातळाच्या चिंधीने बाजेला बांधलेला होता. अंथरूण ओलं होतं. पाण्याचा तांब्या कोनाड्यात, तिला दिसेल पण पोचणार नाही असा. दाराकडे पाठ करून महादेवी शेंगा सोलत बसली होती. अव्वा तोंड उघडून काहीतरी पुटपुटली.

"गाडी वाजली का?" महादेवी मान वर न करता म्हणाली. "न्हाई न्हवं? मग मिटा ते तोंड."

तेवढ्यात अव्वाला दारातला लेक दिसला. तिचा चेहरा एकदम उजळला. डोळे भरून आले. बांधलेल्या हाताची बोटं त्याच्या दिशेने हलायला लागली.

रेवणसिद्ध उभा राहिला. एकदा त्याने बायकोच्या पाठीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग तो आला तसाच पाय न वाजवता मागे सरकला. चपला घातल्या, गाडीत जाऊन बसला आणि हॉर्न दाबून धरला.