बावीस हात भिंत

रुख्मिणीबाईंची वीत एकोणीस सेंटीमीटर भरली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात त्रेचाळीस. प्रतिक्षाने पट्टी दोनदा लावून आकडे वहीत लिहिले. समोरची भिंत बावीस हात, असं बाईंनी सांगितलं होतं. गुणाकार नऊ मीटर सेहेचाळीस आला. गाळातून वर आलेला पाया टेपने मोजला, तो नऊ अठ्ठेचाळीस निघाला.

त्या दिवसापासून तिने बाईंचा शब्द प्रमाण मानला.

दोन हजार तीनच्या त्या उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरण तळाला गेलं होतं आणि चाळीस वर्षांपूर्वी बुडालेल्या गावाचे पाये उघडे पडले होते. प्रतिक्षा बीएस्सी करून मग औरंगाबादला शिल्पकला शिकली होती. तिला त्यातल्या एका पायावर, त्याच गाळाच्या कच्च्या विटांचं, पुऱ्या मापाचं घर उभं करायचं होतं. वरच्या येलदरी धरणातून पाणी सुटलं की भिंती विरघळून पुन्हा गाळ होणार. तेच तिचं शिल्प. पण जे बुडणार ते खरं घर असायला हवं होतं. मनाने रचलेलं घर बुडवण्यात तिला काही अर्थ दिसत नव्हता.

पाये बघत फिरतानाच बाई भेटल्या होत्या. एका पायासमोर एकट्याच उभ्या. हे तुमचं घर का, असं प्रतिक्षाने विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ह्या भिंतीला माझे हात लागलेत, पोरी."

कुरुंद्याचा जळबा गवंडी भिंत चढवत गेला. बाई अंगणातल्या दगडावर बसून त्याच्या चुका काढत. कोनाडा दारापासून तीन विती पाहिजे. खिडकीची डावी कड झिजलेली पाहिजे. त्याने पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायला घेतला, तर त्यांनी भिंत आहे का बैलाची पाठ, खरारा काहून करून राहिला, असं विचारून त्याच्या हातातलं फडकंच काढून घेतलं. खालून वर, अर्धगोल हात फिरवत त्यांनी समोरची सगळी भिंत स्वतः पोतारली.

आतलं विचारलं की मात्र त्या अंग काढून घेत. चूल कुठे होती? देवघर? तुझ्या मनानं मांड, म्हणत. एकदा आत येऊन बघा म्हटलं, तर उद्या बघू. प्रतिक्षाने ताणलं नाही. नांदलेल्या घराच्या पायात पुन्हा पाऊल टाकणं सोपं नसणार, असं तिने धरलं. आतल्या भिंती तिने अंदाजाने घातल्या.

चहाला बाई स्वतःची जर्मनची वाटी आणत आणि वरूनच ओतायला सांगत. जुन्या घरंदाज बायकांचं सोवळं, प्रतिक्षाला वाटलं. जळबाने एकदा त्या वाटीकडे पाहिलं आणि पुन्हा विटेला हात घातला.

पाणी गुरुवारी सुटणार होतं. बुधवारी निरोप आला. नव्या गावठाणातले तातेराव म्हणत होते, बुडालेलं उकरायचं नसतं. माणसं घेऊन येतो आणि पाडतो.

गुरुवारी दुपारी नदीच्या अंगाला पाण्याची रेघ दिसू लागली. प्रतिक्षाने दर पाच मीटरला खुंटी ठोकली होती. दहा मिनिटांत पाणी एक खुंटी गिळत होतं. सहा खुंट्या उरल्या असताना ट्रॅक्टर आला. चार माणसं टिकाव घेऊन उतरली. मागून तातेराव, सत्तरीचे, काठी टेकत.

ते थेट भिंतीपाशी गेले. कोनाडा चाचपला. खिडकीच्या डाव्या कडेवर अंगठा फिरवला. टिकाववाले त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "हे आमचं घर. मी इथंच जन्मलो."

बाईंचे दीर असतील, प्रतिक्षाच्या मनात आलं.

तातेराव आत गेले, मागोमाग ती. मधोमध उभे राहून ते चहूकडे बघत राहिले. चूल उगवतीला नव्हती. देवघर भलत्याच भिंतीत. माजघर दोन हात आखूड. एकेक सांगता सांगता ते थांबले.

"बाहेरून बोटभर चूक न्हाई, अन् आतलं एक बी खरं न्हाई. कुणी सांगितलं तुला?"

"घरच्याच बाईंनी," प्रतिक्षा म्हणाली आणि तिने बाहेर बोट दाखवलं.

पाणी अंगणाला टेकलं होतं. रुख्मिणीबाई दगडावरून उठल्या, पदर खोचला आणि दारापर्यंत चालत आल्या. तातेराव पुढे झाले. त्यांचा हात आपसूक उचलला गेला आणि आडवा चौकटीला लागला.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"सरका, मालक," त्या म्हणाल्या. "आज मी आत येऊन राहिले."