सुनेचं गाणं

तात्यांच्या गालांना दाढीचा साबण लागला होता. तेवढ्यात सलूनवाल्या दिगंबरच्या मोबाइलवर गाणं सुरू झालं आणि ते दचकले. हा तर त्यांच्या सुनेचा आवाज! घरी दार लावून ती गिटारवर गाणी रचायची, रेकॉर्ड करायची, तेव्हा तात्या म्हणायचे, "ऐकणार कोण हे?"

"कुणाचं रे गाणं?" त्यांनी विचारलं.

"नवीन मुलगी आहे कुणीतरी. घरीच करते म्हणे गाणी. आपण तर रोज ऐकतो, तात्या."

बाकावरचं गिऱ्हाईक म्हणालं, "आवाज वाढव की!"

तात्यांनी तोंडावरच्या फेसासकट फोन लावला. "रेवती, मी सलूनमधून बोलतोय. इथं सगळे तुझं गाणं ऐकतायत गं." मग त्यांनी फोन दिगंबरपुढे धरला.

"सून आहे माझी. घे, बोल तिच्याशी."