हातावरचं दही

"दह्याबिगर हा उंबरा ओलांडाचा नाही!" असं म्हणून वच्छलाबाई दारातच बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, एक पाय आत, एक पाय बाहेर अशा बसल्या. आता पोटच्या पोरानं आईला ओलांडून जावं तरी कसं?

शेषराव पत्र्याची पेटी हातात धरून उभा राहिला. बाहेर जहांगीरचा टांगा तयार होता. थोड्या वेळात मलकापूर टेशनात मुंबईची गाडी यायची, आणि मुंबईहून आगबोट कुवेतला. कापसाच्या जिनिंगमधला फिटर, दोन वर्षांच्या करारावर समुद्रापार निघालेला, आणि अडला कशावर, तर चमचाभर दह्यावर!

"माय, दही कुठून आनू आता? हातावर साखर ठेव. चालते तेबी."

"साखर तरी कुठं ठेवली तू घरात?"

खरंच नव्हती. तिकिटाचे पैसे उभे करायचे म्हणून शेषरावनं घरातला एकेक खर्च छाटत आणला होता. आधी स्वतःची बिडी सोडली, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. मग चहातली साखर गेली, मग चहाच गेला. रॉकेल जळू नये म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. गवळी बंद झाला तो सगळ्यात शेवटी. पण त्याच्याही आधी शेषरावनं एक भलतीच काटकसर शोधून काढली होती.

गल्लीतल्या बाया संध्याकाळी वाटी घेऊन त्याच्या बायकोकडे, गीताबाईकडे, विरजण मागायला यायच्या. चमचाभर दही, त्यात कसलं आलंय नुकसान? पण छाटायला बसलेल्या माणसाला तेही दिसतं. "रोज इतक्या घरी वाटतं तू," तो तिला म्हणाला होता. "सांगत जा, आत्ताच सरलं."

आणि गीताबाई सांगत गेली. शिंक्यावर दह्याचं मडकं लोंबतंय, दारातल्या बाईला ते सरळ दिसतंय, आणि ही बया तोंडावर सांगतेय, आत्ताच सरलं! पहिल्यांदा जीभ अडखळली, लाजेनं कान तापले. पुढं सवय झाली. मग बाया यायच्याच थांबल्या, आणि घर कसं गप्प गप्प झालं.

"जाय वो, पुष्पाबाईकडून वाटीत घेऊन ये," वच्छलाबाई सुनेला म्हणाल्या. "शेजार हाय आपला. ज्याच्या हातावर दही पडते, तो घरी वापस येते. माह्या पोराले मी कोरडा धाडणार नाही."

एरवी गीताबाईला असलं काही फारसं पटायचं नाही. आज पटलं. समुद्र तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. हा माणूस तिकडं गेला आणि आलाच नाही तर? वाटी घेऊन ती पळतच निघाली.

पुष्पाबाईचं दार उघडंच होतं. आत तिचा नवरा दहीभाकर खात बसला होता. त्याच्या डोक्यावर शिंकं, शिंक्यात मडकं.

"बाई, थोडं दही पायजे होतं," गीताबाई म्हणाली. "आमचे निघाले. हातावर द्याले."

पुष्पाबाईनं वाटीकडे पाहिलं, मग गीताबाईच्या तोंडाकडे. नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो काही बोलणार तेवढ्यात तिनं त्याला डोळ्यानंच गप्प केलं.

"आत्ताच सरलं," ती म्हणाली.

भांडावं तर कोणत्या तोंडानं? शब्द गीताबाईचेच होते. पुढच्या दारी जावं, तर तिथंही तिनं हेच उत्तर दिलेलं होतं. गल्लीत उभी राहून तिनं एकदा सगळ्या दारांकडे पाहिलं आणि तशीच मागं फिरली.

"शेषरावभाऊ, चलो ना," जहांगीर टांग्यावरून ओरडला. "गाडी थांबन का आपल्यासाठी?"

"आनलं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

गीताबाईनं मान हलवली. "आत्ताच सरलं म्हने."

शेषरावनं पेटी हळूच खाली ठेवली. कान लाल झाले होते त्याचे.

"माय, ऊठ ना," तो म्हणाला.

"कशी उठू?" म्हातारीला हुंदका आवरेना. "कशी उठू रे बाप्पा? असाच जाशीन का तू?"

तेव्हा तो तिच्यापुढं खाली बसला आणि उजवा हात पसरून बायकोला म्हणाला, "दे."

"काय देऊ?"

"दे म्हन्तो ना!"

गीताबाईनं रिकामी वाटी त्याच्या तळहातावर कलती केली. शेषरावनं तळवा तोंडाशी नेला आणि चाटला. लहान पोरासारखा, बोटांपर्यंत चाटून घेतला.

वच्छलाबाई बघत राहिल्या. मग त्यांनी त्याचा हात ओढून घेतला, तो कोरडा तळवा पदरानं नीट पुसला, आणि दारातून बाजूला सरकल्या.