अण्णांचं खातं

कॉम्प्युटर पुन्हा अडकला. मृण्मयी वैतागली आणि ऑफिसला निघता निघता नवऱ्याला म्हणाली, "आज अण्णांचं खातं काढ हं, विसरू नकोस."

श्रीरंगने वडिलांची भजनं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि कॉम्प्युटरवरचं त्यांचं खातं डिलीट केलं. अण्णा बघतच राहिले.

"मला विचारू नका," तो नजर चुकवत म्हणाला, "तुमच्या सुनेला नकोय."

अण्णा पेनड्राइव्ह घेऊन आपल्या खोलीत गेले.

संध्याकाळी मृण्मयीने दारातच विचारलं, "काढलंस का इथल्या बँकेत खातं? आता अण्णा कायम आपल्याकडेच राहणार. पेन्शनसाठी दर महिन्याला गावी कशाला धावायचं?"

श्रीरंगला तिच्याकडे बघवेना. खोलीतून अण्णांनी बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.