हिरवा दिवा

मी ज्यांच्याकडे कामाला जाते, त्या ताईंनी घरातली हवा मोजायचं यंत्र आणलंय, मेलं. हवा चांगली असली की दिवा हिरवा, घाण झाली की लाल. आज त्यांनी मला ओट्याखाली झुरळांचं औषध मारायला लावलं. दोन फवारे मारले नाहीत तोच दिवा लालभडक!

"अगं बाई, विष आहे हे, विष!" ताई किंचाळल्या. कुत्र्याला काखोटीला मारून, पोराला ओढत बाल्कनीत पळाल्या. गुडघे धरून बसणाऱ्या सासूबाईसुद्धा त्यांच्या पुढे. आत उरलो मी आणि झुरळं.

खोकत खोकत मीही दाराशी गेले, तर ताईंनी बाहेरून काच ओढून घेतली.



"मावशी, तुम्ही कुठे येताय? दिवा हिरवा झाला की हाक मारा!"