राजाचं रक्त

मोकाट वळूचे चारही पाय बांधून त्याला आडवा पाडला होता, तरी धरायला पाच माणसं लागली. देवराव स्वतः शिंगांपाशी बसले होते.

"अकोल्याच्या मॅडमचा रिपोर्ट तं येऊ दे ना भाऊ," शेजारचे अब्दुल गफ्फार म्हणाले. "एवढी काहून घाई करून राहिला?"

"रिपोर्टात काय येनार ते मले आत्ताच मालूम हाये. डॉक्टर, लावा चिमटा."

जनावरांचे डॉक्टर योगेश यांनी चिमटा लावला. वळू एकदाच हंबरला. खच्ची करायला असा कितीसा वेळ लागतो.

हिवरखेडात गुरांवर लम्पीची साथ आली तेव्हा निम्मी वासरं गेली. देवरावांच्या गोठ्यातली तिन्ही अंगभर गाठी येऊन डोळ्यांदेखत मेली. गफ्फारभाईंच्या वासराला साधा ताप आला नाही. गाव एक, पाणी एक, माश्याही त्याच. साथ चालू असतानाच अकोल्याहून संशोधक माया मॅडम आल्या आणि वासरांचं, वळूंचं रक्त घेऊन गेल्या. रोगाशी झुंजायची ताकद बापाकडूनही येते, म्हणाल्या. वाचलेल्या वासरांचा बाप कळला, की त्याचं बीज गावोगाव देता येईल.

गावात वळू दोनच. एक देवरावांचा राजा, सरकीची ढेप खाऊन चकचकीत झालेला. दुसरा हा मोकाट, ज्याच्या-त्याच्या वावरात शिरून मार खाणारा. गायी सगळ्या एकाच कळपात चरत, म्हणून कोणतं वासरू कोणाचं, हे सांगणं अवघड होतं. देवरावांना अजिबात अवघड नव्हतं.

"खान तशी माती," ते म्हणत. "वाचले ते माह्या राजाचे, मेले ते या भिकारड्याचे."

गावालाही ते पटलं. न पटायला काय झालं, राजा दिसायलाच तसा होता.

वासरं पुरताना देवराव धाय मोकलून रडले होते. पुन्हा ते बघायची त्यांची छाती नव्हती. साथ परत आलीच, तर गावात राजाचीच वासरं असावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

खच्ची झालेला वळू पार गरीब झाला. गफ्फारभाईंनी त्याला वखराला जुंपला. "चांगला चालते बिचारा," ते म्हणाले.

दिवाळीनंतर माया मॅडमचा फोन आला तेव्हा देवराव राजाला धूत होते. बायकोला, ललिताबाईंना, ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"काका, रिपोर्ट आला. तुमचं खरं निघालं. वाचलेली सगळी वासरं एकाच वळूची आहेत."

"मी म्हनलं नव्हतं?" देवराव ललिताबाईंकडे बघून म्हणाले. "मंग राजाले कधी नेता, मॅडम?"

"राजाला नाही, काका. राजाची होती ती सगळी मेली. वाचलेली त्या मोकाट वळूची आहेत. उद्या गाडी पाठवते, तोवर त्याला जीवापाड सांभाळा."